काचेची खरखरीत बाजू

इन्शिराहचं पत्र दमनहूरहून आलं त्याला आता नऊ वर्षं होत आली. सात ओळींचं पत्र. ते वाचून मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि तेव्हापासून दुसऱ्या खंडातला कुठलाही शब्द अडला की न बघताच पुढे जातो. सरकारी छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने असं करावं, यावरून त्या सात ओळी मला किती जड गेल्या असतील ते कळेल.

उत्तर लिहायला मी बसलोच नाही असं नाही. बऱ्याचदा बसलो. मायना लिहायचो, त्यापुढे स्वल्पविराम द्यावा की नको यावर अडायचो, आणि अडायला तेवढं कारण पुरायचं.

आमची इमारत शुब्रात आहे, पाच मजली. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं आणि दोन्हींच्या मधून तळापासून गच्चीपर्यंत एक उभी पोकळी गेलेली. तिला आम्ही मनवर म्हणतो. सगळ्या न्हाणीघरांच्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. बांधली उजेडासाठी, पण आता तिच्यात नळ असतात, दोरीवरचे मोजे असतात, कबुतरांची पिसं आणि दहा घरांचे आवाज असतात. त्यातून उरेल तो उजेड. माझ्या न्हाणीघराची खिडकी आणि समोरच्या न्हाणीघराची खिडकी यांत चार हातांचं अंतर आहे.

पूर्वी पुरुषाने मनवरकडची खिडकी उघडायच्या आधी "या सातिर!" असं मोठ्याने म्हणायची रीत होती. झाकणाऱ्या परमेश्वराला हाक, आणि समोरच्या बाईला इशारा की आवरून घे, पुरुष माणूस आलाय. मी ही हाक इतक्या हळू घालायचो की परमेश्वरालाच ऐकू गेली असेल तर असेल. पुढे घराघरांत दुधी काचा आल्या आणि रीत मोडली. काच आहे ना, मग ओरडायचं कशाला?

इन्शिराह समोरच्या घरात राहायला आली तेव्हा चाळिशीची होती. दवाखान्यात नर्स. नवऱ्यापासून काडीमोड घेऊन एकटी आलेली. तिच्या न्हाणीघराला काच नव्हतीच, लाकडी झडप होतं. ते उघडलं की सगळंच उघडं, आणि मिटलं की भर दुपारी काळोख. एक दिवस तिने मला जिन्यात अडवलं.

"उस्ताज वगीह, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, मला एक सांगा. उजेड आत यावा आणि नजर येऊ नये, असं काही करता येतं का?"

"दुधी काच," मी म्हणालो आणि जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिलो.

"ते झालं. पण कसली, कुठली? झगलूलकाका परवा येणार आहेत काच घेऊन. तुम्ही उभे राहा ना तिथे. बारा वर्षं दुसऱ्याच्या घरात दिवे मालवून जगले. आता निदान स्वतःच्या घरात तोंड धुताना आपलं तोंड दिसू दे."

झगलूल आमच्या गल्लीतला काचवाला. त्याने आणलेली काच वाळूच्या माऱ्याने एका अंगाने खरखरीत केलेली होती, दुसरं अंग गुळगुळीत. ती चौकटीशी धरून तो म्हणाला, "खरखरीत बाजू बाहेर."

मी तोवर आयुष्यात कुठल्याही कारागिराला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कोणीतरी आपल्याला विचारायला बोलावलंय, हे डोक्यात गेलं असावं.

"आत ठेवली तर?" मी म्हणालो. "बाहेर ठेवली तर मनवरातली धूळ आणि तळणाचा धूर त्या खरखरीत अंगात रुतून बसेल. वर्षभरात उजेड निम्मा होईल. तसं पुस्तकात दिलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

"सरकारी बांधकामाच्या. त्याची मुद्रितं मीच तपासली आहेत."

"उस्ताज, चाळीस वर्षं काचा बसवतोय मी."

"आणि ते पुस्तक इंजिनिअरांनी लिहिलंय, काका," इन्शिराह म्हणाली. "उस्ताज सांगतायत ते ऐका. माझ्याकडे धूळ काय कमी आहे?"

झगलूलने काच फिरवली. "घर तुमचं, उजेड तुमचा. उद्या पुस्तकाने चौकटीतली लांबी खरवडून काच काढायला सांगितली तर मात्र मला हाक मारू नका. पुस्तकालाच बोलवा."

ती हसली. मीही हसलो. त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा ताठ बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मनवरातून तिचा आवाज आला, "उस्ताज! आज न्हाणीघरात उभं राहून आख्खं वर्तमानपत्र वाचलं!" मागाहून रव्याच्या बसबूसाची ताटली आली, वर प्रत्येक वडीत एकेक बदाम रोवलेला.

उन्हाळा होता, सगळे गार पाण्याने आंघोळ करत. काच दुधाच्या सायीसारखी शांत दिसायची. मग ऐन हिवाळ्याचा तूबा महिना आला. आमच्याकडे तूबाची थंडी हाडांत शिरते. इन्शिराह ड्यूटीवरून संध्याकाळी परत यायची, गीझर लावायची, दिवा लावायची.

त्यातल्याच एका संध्याकाळी मी दोरीवरचे मोजे काढायला खिडकी उघडली. हाक घातली नव्हती. आता कोणीच घालत नव्हतं.

समोरची काच दुधी नव्हती. वाफेचं पाणी तिच्यावरून ओघळत होतं आणि ती साध्या काचेसारखी स्वच्छ झाली होती. आत दिव्याखाली इन्शिराह पाठमोरी बसली होती, तांब्याने डोक्यावर पाणी ओतत. छापलेली एक ओळ वाचायला लागतो तेवढा वेळ मी बघितलं. ती ओळ मी अर्ध्यातच सोडायला हवी होती, हेही खरं आहे. मग खिडकी लावली. मोजे मनवरात पडले.

मी पुस्तक काढलं. मी सांगितलेलं वाक्य होतं, पण ते वाचनालयं आणि कचेऱ्यांच्या प्रकरणात होतं. अठ्ठावीस पानं पुढे स्नानगृहांचं प्रकरण होतं आणि त्यात लिहिलं होतं की खरखरीत बाजू पाण्यापासून दूर, कोरड्या अंगाला ठेवावी. ती भिजली तर काच पारदर्शक होते. त्या वाक्यातला अर्धविराम मीच घातला होता. अर्धविराम मला आठवत होता. वाक्य आठवत नव्हतं.

आतून तिला कळणं शक्यच नव्हतं. मनवरात अंधार, आत दिवा; तिला काचेत फक्त काळं दिसणार. म्हणजे कोणीतरी सांगायलाच हवं होतं. आणि सांगायचं म्हणजे 'मला कसं कळलं' हे आधी सांगायचं.

मी तिच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा तिनेच दार उघडलं, हातात कचऱ्याची पिशवी. "काय उस्ताज, काही हवंय?" मी म्हणालो, "नाही, थंडी फार आहे." ती म्हणाली, "हो ना, बाई. आलं घालून चहा घ्या." निनावी चिठ्ठीही लिहिली, पण माझं अक्षर तिला ओळखू आलं असतं. डाव्या हाताने लिहून पाहिली. ती वाचली आणि फाडली.

शेवटी मी एकच गोष्ट केली. माझ्याच खिडकीच्या काचेवर आतून जाड खाकी कागद चिकटवला. म्हणजे माझी नजर जायला नको. मला वाटलं, माझ्यापुरतं मी निस्तरलं. वरच्या मजल्यांनाही खिडक्या आहेत, हे मला सुचलं नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण सुचलं होतं.

तीन आठवड्यांनी चौथ्या मजल्यावरच्या बहगतने जिन्यात तोंड उघडलं. मोटारीचे सुटे भाग विकणारा माणूस, बोलणं सगळं दुकानातल्यासारखं. इन्शिराह पिशव्या घेऊन वर येत होती, तो कोणाशी तरी बोलत खाली उतरत होता. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "काही लोकांच्या पाठीवर तीळ असतो बघ, डाव्या खांद्याखाली. भाग्याचा असतो म्हणे." दोघे हसले.

पिशव्या तिथेच टाकून ती घरात गेली आणि थोड्या वेळाने मनवरात तिचा आवाज घुमला. "कोण कोण बघतं? या ना, तोंडं दाखवा! आया-बहिणी नाहीत का तुमच्या घरात?" एकही खिडकी उघडली नाही. स्वयंपाकघरांतली भांडी वाजायचीही थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने झगलूलला बोलावलं. त्याने अंगठा थुंकीने ओला करून काचेवर आतून घासला. अंगठ्याएवढा गोल तुकडा स्वच्छ झाला. मी दारात उभा होतो. त्या तुकड्यातून माझ्या खिडकीवरचा खाकी कागद समोर दिसत होता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," झगलूल म्हणाला.

इन्शिराहने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "फळी ठोका, काका," ती म्हणाली. "काच फिरवू नका. फळीच ठोका."

महिन्याभरात ती घर सोडून भावाकडे दमनहूरला गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी पत्र आलं.

'उस्ताज वगीह, सलाम. बहगतला मी काही विचारत नाही, त्याला काय विचारायचं? तुम्हाला विचारते. तो जिन्यात बोलला त्याच्या तीन आठवडे आधी तुमच्या खिडकीवर कागद लागला. मी रोज भांडी घासताना तो बघायची आणि म्हणायची, उस्ताजांना थंडी वाजते बिचाऱ्यांना. तुम्हाला माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंत? एवढंच सांगा. इन्शिराह.'

*

समोरचं घर मग मालकाने सामान ठेवायला वापरलं. गेल्या शरदात तिथे रिफ्अत आणि अवातिफ हे नवरा-बायको राहायला आले. रिफ्अत बस चालवतो. अवातिफचा आवाज पाचही मजल्यांना पुरतो. या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी मनवरातून खिळे उपटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचा:

"अहो, हे बघा तरी! फळीच्या मागे चांगली दुधी काच! कोण वेडं होतं इथे, एवढा उजेड फळीने झाकून बसलेलं?"

मी न्हाणीघरात उभा होतो. माझ्या खिडकीवरचा कागद अजून तसाच होता, फक्त रंग चहासारखा झाला होता. खिळे मी मोजले. सहा.

तूबा लागला होता. त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. पहिल्या दिवशी वाटलं, सकाळी रिफ्अत एकटा भेटेल तेव्हा सांगू. दुसऱ्या दिवशी तो भेटला, घाईत होता. तिसऱ्या दिवशी मी मनात वाक्यं जुळवत बसलो आणि ती इतकी चांगली जुळली की बोलायची गरजच वाटेना. चौथ्या दिवशी, सूर्य नुकताच मावळला होता, समोर गीझर भडकल्याचा आवाज आला. पाठोपाठ दिव्याचं बटण. मग तांब्या घंगाळावर आपटला. आणि वर, चौथ्या मजल्यावर, एक खिडकी हळूच उघडली. तिची बिजागरी कुरकुरते, मला माहीत आहे.

मी माझी खिडकी ओढली. ती नऊ वर्षं उघडलेली नव्हती; कागद चौकटीपाशी फाटला. मी तोंड भिंतीतल्या नळाकडे फिरवलं, डोळे मिटले आणि ओरडलो.

"या सातिर! बाई, दिवा घालवा! काचेतून दिसतं! आतलं सगळं दिसतं, दिवा घालवा!"

आवाज फुटला. मला तो माझा वाटला नाही. समोर काहीतरी पडलं, दिवा गेला. मनवरात खिडक्यांवर खिडक्या उघडल्या. वरून बहगत हसला. "अरे वा! आपल्या उस्ताजांना गळा आहे! नऊ वर्षं कागदाआड दडून आज कंठ फुटला!"

दार वाजलं तेव्हा मी अजून नळाला धरून उभा होतो. बाहेर रिफ्अत, पायजमा, एक पाय अनवाणी. दुसरी चप्पल हातात.

"काय म्हणालात?"

"काच भिजली की आरपार दिसतं. खरखरीत बाजू आत आहे. ती बाहेर हवी."

"ते नंतर. तुम्ही बघितलंत का?"

"नाही. आवाज ऐकला गीझरचा. डोळे मिटून ओरडलो."

"मग दिसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हा प्रश्न मला नऊ वर्षं माहीत होता. त्याचं उत्तर इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"मी बघितलं होतं," मी म्हणालो. "नऊ वर्षांपूर्वी. तुमच्या आधी तिथे राहणाऱ्या बाईंना. आणि त्यांना सांगितलं नव्हतं. काच तशी बसवायलाही मीच सांगितलं होतं."

जिन्यात वरखाली दारं उघडी होती. सगळ्यांनी ऐकलं. रिफ्अतच्या मागून, अर्धवट लोटलेल्या दाराआडून अवातिफचा आवाज आला, ओल्या केसांवर काहीतरी गुंडाळत असल्यासारखा गुदमरलेला. "त्यांना विचारा, फळी काढून चार दिवस झाले! चार दिवस काय करत होते?"

"धीर गोळा करत होतो," मी म्हणालो.

"चार दिवस लागतात? मी चारही दिवस आंघोळ केलीये, उस्ताज!"

रिफ्अतने चप्पल खाली टाकून पायात घातली. "तुमचं वय बघून गप्प बसतो," तो म्हणाला. मग वर बघून, बहगतच्या मजल्याकडे, "सगळ्यांचं वय काही तुमच्याएवढं नाही." आणि तो वर गेला. वर काय झालं ते मी ऐकलं, पण ते इथे सांगण्याजोगं नाही.

सकाळी झगलूल आला. आता तो हातोडी धरताना दुसऱ्या हाताने मनगट सावरतो. त्याने मला दारात बघितलं आणि लांबी खरवडता खरवडता म्हणाला, "काय उस्ताज, आज पुस्तक काय म्हणतंय?"

"तू म्हणतोस तेच."

"मग छापलं कशाला?" त्याने काच फिरवून बसवली, आतून पाणी मारलं, मागे सरकला. काच दुधीच राहिली. अवातिफ दाराआडून म्हणाली, "उस्ताजांना चहा विचारा कोणीतरी. नको, राहू द्या. झगलूलकाकांना द्या."

इमारतीत आता लोक माझ्याशी कमी बोलतात. आधीही फार बोलत नव्हते, त्यामुळे फरक मलाच कळतो. भाजीवाला बाईंच्या पिशव्या आधी भरतो आणि मला थांबवतो. ज्याला मी नऊ वर्षं घाबरलो ते हेच होतं. आहे हे वाईट. पण याच्यासाठी मी एका बाईला तिच्या घरातून, तिच्या उजेडातून जाऊ दिलं, हे त्याहून वाईट आहे, आणि ते भाजीवाल्याच्या दुकानात उभं राहिल्यावर मला कळलं.

परवा मी शब्दकोशाचा दुसरा खंड उघडला. पत्राच्या घडीवर पिवळी रेघ पडली होती. मी कागद घेतला आणि लिहिलं:

'सित्त इन्शिराह. हो, मला माहीत होतं. तूबाच्या एका संध्याकाळी मी खिडकी उघडली आणि तुम्हाला पाहिलं. काचेची बाजू मी चुकीची सांगितली होती, झगलूल बरोबर होता. तुम्हाला सांगायचं तर मी पाहिलं हे सांगावं लागलं असतं. तुमच्या अब्रूपेक्षा मला माझी मोठी वाटली, म्हणून मी माझ्याच खिडकीला कागद लावला. तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर हे. उशिरा देतोय. तुम्ही काही लिहावं असं नाही. वगीह.'

पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी विरामचिन्ह चुकलं होतं. तसंच घडी घालून पाकिटात ठेवलं.

टपाल कचेरीत खिडकीमागची मुलगी पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "आजोबा, दमनहूरचा हा पत्ता जुना वाटतो. गल्लीचं नाव बदललंय बहुतेक. माणूस तिथेच आहे ना?"

"माहीत नाही."

"मग रजिस्टर करा. पोच येईल, सही येईल. कळेल तरी."

रांगेत मागचा माणूस खाकरला. सही म्हणजे इन्शिराहला दारात येऊन माझं नाव वाचून खाली आपलं नाव लिहावं लागणार.

"नको," मी म्हणालो. "साधंच जाऊ दे."

"पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलंत."

तिने पेन दिलं. मी पाकिटाच्या मागे नाव लिहिलं, इमारतीचा क्रमांक लिहिला, मजला लिहिला. घर कुठलं हे इन्शिराहला माहीत आहे, तरी तेही लिहिलं. मुलीने तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.